अक्काच्या नावावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तरी ह्या गोष्टीपाशी आले की मी घाईघाईनं पोराबाळांचं आरोग्य मागायची आणि माघारी फिरायची. आज तुम्हांला लिहून सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय का? असेलही तसं. पण लगेच मुद्द्यावर येणं मला जमायचं नाही. आधी अक्काबद्दल सांगते. ती कोण होती हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, यमुना. मी लग्न होऊन ह्या गावात आले—ओझरच्या पुढं, नदीच्या काठानं—तेव्हा ती इथं चांगली मुरलेली होती. तिचं माहेर मढचं, माळशेजच्या बाजूचं, भाताच्या आणि पावसाच्या मुलखातलं. शाळा चौथीपर्यंत. मी आंबेगावातली, मंचरजवळची, दहावी पास. त्या दहावीचा मला केवढा तोरा होता, आता हसू येतं. घरात थोरले भाऊजी, अक्का, त्यांची दोन मुलं, आम्ही नवराबायको, आणि सासूबाई. त्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो.

अक्काचं तोंड गावाला माहीत होतं. तिच्या आवाजानं शेजारच्या आळीतली कुत्री उठायची असं भाऊजी चारचौघांत म्हणायचे, आणि त्यात फार खोटं नव्हतं. तिचं एक ठरलेलं बोलणं होतं—"मर की एकदाची." शेळी खुंट्याला गुंडाळली, मर की एकदाची. दूध उतू गेलं, तरी तेच. मी नवी होते, भाकरी थापताना फाटायची, चुलीपाशी बसलेली अक्का मान वर न करता म्हणायची, "मर की एकदाची." तिच्या मनात तेवढं विष नसायचं, हे मला फार उशिरा कळलं. पण रोज ऐकणाऱ्याच्या मनात ते साठतंच ना? माझ्या मनात साठत गेलं. कुठं साठलं, किती साठलं, मला पत्ता नव्हता.

मग एका उन्हाळ्यात तिचे वडील आमच्याकडं राहायला आले. बापू. सुरकुतलेले, हलक्या हाडाचे, हात कापायचे. सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसायचे आणि लाल फडक्यातली पोथी सोडून हळू आवाजात वाचायचे. थोडंसंच वाचायचे. एकदा त्यांच्या हातून चहाची कपबशी पडली, नव्या सारवणावर. अक्का आतून आली, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं—"मरा की एकदाचे."  बापूंनी फडक्यानं चहा टिपला, कप उचलला. दोन दिवसांनी मढला परत गेले, आणि त्याच पावसाळ्यात वारले.

तेरावं झाल्यावर अक्काचा भाऊ पोथी घेऊन आला. म्हणाला, "बापू म्हणलं व्हतं, ही यमुनेला द्या." एवढंच. तिनं पोथी घेतली, छातीशी धरली, आणि गोठ्यात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. धारा मीच काढल्या.

तिथून तिचं वाचन सुरू झालं. नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं. लोक पारायण करतात, सप्ताहात बसतात, अध्यायामागून अध्याय संपवतात. अक्काचं तसं नव्हतं. ती सकाळी धारा काढून झाल्यावर ओट्यावर बसायची, बोट ठेवून एक ओवी वाचायची. अडलेला शब्द मला विचारायची. मी अर्थ सांगायची, दहावी पास असल्याच्या तोऱ्यात. ती मान हलवायची, पोथी बांधून ठेवायची आणि कामाला लागायची. संध्याकाळी चूल पेटवताना स्वतःशीच म्हणायची, "आज नाय जमलं. उद्या परत हीच."

सुरुवातीला मला कळेना, काय जमलं नाही? ओवी तर वाचून झाली. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, बापूंनी तिला लहानपणी शिकवलं होतं—एक वाफा भरल्याबिगर पाणी पुढच्याला सोडायचं न्हाई. ओवीचंही तसंच. त्यात सांगितलंय ते दिवसभरात एकदा तरी हातून झालं पाहिजे, मगच पुढची. नाही झालं तर उद्या तीच.

आता तुम्हीच सांगा, असं कुणी पोथी वाचतं का? घरात हसण्यावारी गेलं. मऊ बोलण्याबद्दलची एक ओवी होती, तिच्यावर ती अख्खा पावसाळा अडली, दिवाळी आली तरी अडलेलीच. भाऊजी जेवताना म्हणायचे, "अगं, आळेफाट्याला एस्टीसुदिक एवढी थांबत न्हाई." सगळे हसायचे. अक्काही हसायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोट त्याच ओळीखाली.

मी तिच्याजवळ होते म्हणून मला दिसलं, ते सांगते. बदल असा एकदम नाही झाला. आठवडा बरा जायचा, मग एखाद्या दिवशी बांधावरनं शेजारणीशी जुंपायची आणि तोंड असं सुटायचं की पोथीबिथी सगळं वाहून जावं. मग ती घरी येऊन ओट्यावर बसून राहायची, चेहरा पडलेला. कुणाला दोष द्यायची नाही, पोथीलाही नाही. सकाळ झाली की पुन्हा तीच ओवी. मी आयुष्यात कष्टाळू माणसं पुष्कळ पाहिली—कांदा काढणारी, विहिरी खोदणारी. पण स्वतःच्या स्वभावावर अशी रोज न कंटाळता खुरपणी करणारं माणूस मी तिच्याशिवाय पाहिलं नाही.

एकदा तिच्या पोरानं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जाळला. भर उन्हाळा, टोमॅटोला पाणी द्यायचं, आणि मोटार बंद. मला वाटलं, आता पोराचं काही खरं नाही. अक्काच्या मानेची शीर फुगली. तोंड उघडलं—आणि मिटलं. ती वळून गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. परत आली आणि पोराला म्हणाली, "जा, वायरमनला बोलव." मी तिला नंतर विचारलं, राग कसा गेला गं? ती म्हणाली, "गेला कुठं? लई आला व्हता. पर तोंडातनं बाहेर पडायच्या आधी मला दिसला. आधी दिसायचाच न्हाई." त्या दिवशी संध्याकाळी ती पुढच्या ओवीवर गेली. कुणाला काही सांगितलं नाही. फक्त मला, भाकरीचं पीठ मळताना, "सरली गं."

आणि एक दिवस, कांद्याच्या चाळीत दोघीच कांदे निवडत होतो, तर मान खाली घालून म्हणाली, "मंदे, तू नवी व्हतीस तवा मी तुला लई बोलले. माझं चुकलं."

मी काय म्हणाले? "असू दे अक्का," म्हणाले. वरवर. आतून मला काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. मला आवडलं नाही ते. घरात एक वाईट सून असली की दुसरीला चांगलं व्हायला काही करावं लागत नाही. इतकी वर्षं मी फुकटात गुणाची ठरले होते—धाकटी शांत, धाकटी शिकलेली, धाकटी उलट बोलत नाही. आता अक्का बदलत होती आणि माझ्या पायाखालचं काहीतरी सरकत होतं. ती चुकली, तिचा तोल गेला, की मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. मी वरून "असू दे" म्हणायची आणि आतून वाट बघायची.

येते आता. येतेच.

आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. तेव्हा टाके घालायचे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळं त्यांना उजेड-अंधार कळायचा तेवढाच. त्यांना माजघरात खाटेवर झोपवलं होतं. माणसं मळ्यात होती, टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जायचा होता. दुपारची लाईट गेलेली. म्हैस विणार होती म्हणून अक्का गोठ्यात. घरात मी आणि आत्याबाई.

त्या सारख्या हाका मारत होत्या. पाणी दे, पांघरूण दे, कोण आलंय बघ. मी दमलेले होते—नाही, हे नको. दमलेली अक्काही होती. त्या खाटेवरून उठल्या. मी दोनदा सांगून गेले होते, उठू नका. त्या चाचपडत दोन पावलं आल्या आणि त्यांच्या पायानं दुधाचं पातेलं लवंडलं. विरजायला ठेवलेलं, सगळं. मी चुलीपासून उठून आले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना मागं ढकललं. खाटेवर बसवायला नाही. ढकललं. आणि माझ्या तोंडून निघालं, दात आवळून, घोगऱ्या आवाजात, "मर की एकदाची."

तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

त्या खाटेवर बसल्या नाहीत. कडेवर आदळून खाली पडल्या. कपाळ खाटेच्या खुराला लागलं. त्या ओरडल्या—आणि मी? मी त्यांना उचललं नाही. मी मागच्या दारानं बाहेर गेले, मोरीपाशी बसले आणि भांडी घासायला लागले. हात राखेत होते. कुणी मला भांडी घासायला सांगितली नव्हती.

ओरडणं ऐकून पुढच्या दारानं अक्का धावत आली. तिनं त्यांना उचललं. पडल्यावर आत्याबाईंना पहिला स्पर्श कळला तो तिच्या हातांचा, शेणाचा वास असलेल्या. त्या किंचाळल्या, "हात लावू नको मला. मारून टाकशील." मग मी आले, ओले हात पुसत, "काय झालं, काय झालं" करत. असं म्हणत मी आत आले हे मला झोपेतसुद्धा आठवतं.

टाके सुटले होते. नारायणगावला जीपनं नेलं, तिथून पुढं पाठवलं. डोळा वाचला नाही. दुसऱ्याचं ऑपरेशन त्यांनी पुढं कधी करू दिलं नाही.

त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी सगळे बसले. आत्याबाईंनी सांगितलं, "थोरलीनं ढकललं. म्हणली, मर की एकदाची." दुसरं काही सांगायची गरजच नव्हती. ते शब्द कुणाचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अक्का म्हणाली, "मी गोठ्यात व्हते." एकदाच म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या दुपारी घरी आम्ही दोघी जावाच होतो हो. तिला कळायला वेळ लागला असेल का? तिला त्या क्षणीच कळलं होतं.

भाऊजी माझ्याकडं वळले. "मंदा, तू सांग. तू व्हतीस ना घरात?"

मी म्हणाले, "मी मागं भांडी घाशीत होते. मला काही दिसलं न्हाई."

हे ते. एवढंच वाक्य. ह्याच्यात एक अर्धं खरंसुद्धा आहे बघा. खोटं बोलताना मी तेवढी हुशारी केली.

 अक्का ओरडली नाही, रडली नाही, तिनं माझं नाव घेतलं नाही. तिनं ओरडायला हवं होतं का? मी वाट बघत होते की ती ओरडेल, कारण ती ओरडली असती तर सगळ्यांना खात्री पटली असती आणि मलाही जरा सोपं गेलं असतं. मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. भाऊजी उठले, देवळीतली पोथी काढली आणि शिडी लावून माळ्यावर टाकून आले. म्हणाले, "एवढी वर्षं सोंग केलंस. आता ह्याला हात लावायचा न्हाई. मूळ स्वभाव काय जातोय व्हय?" माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. मीसुद्धा डोलावली असेन. नसेन. आठवत नाही—किंवा आठवून घ्यायचं नाही.

वर्षानुवर्षं एकेका ओवीनं तिनं जे कमावलं होतं ते मी एका वाक्यानं सोंग ठरवलं. डोळा तर मी आत्याबाईंचा घेतलाच. पण ही दुसरी गोष्ट मोठी की लहान? मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्यानंतर घरं वेगळी झाली. आत्याबाईंनी हट्ट धरला, थोरलीच्या हातचं पाणी पिणार नाही. भाऊजी, अक्का, पोरं मळ्यातल्या वस्तीवर राहायला गेली. आत्याबाई माझ्याकडं. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "ही धाकटी हाय म्हणून मी जित्ती हाय. डोळा गेला पर देवानं ही दिली." मी पदर सारखा करायची, चहा ठेवायला आत जायची. मी त्यांचं सगळं केलं, मनापासून केलं. पण त्याला सेवा म्हणायची माझी छाती होत नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी अक्का एकटीच आली. आत्याबाई झोपल्या होत्या.  वाटलं, आता विचारणार. ती म्हणाली, "मंदे, पोथी तेवढी काढून दे."

मी शिडी लावली. माळ्यावर चढले, धूळ झटकली, खाली आणून दिली. तिनं फडक्याची गाठ तपासली, पोथी पदरात घेतली. मला गप्प राहवेना, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कुठवर आली होतीस?"

"लई पुढं आले व्हते," ती म्हणाली. "आता मागं गेले. ती मऊ बोलायची व्हती ना, तिच्यापाशी." आणि निघाली. दारातून वळून म्हणाली, "तुझं तोंड आठवलं की अजून माझं अंग जळतंय. म्हणून न्हेते." त्यात शाप नव्हता. औषध न्यायला आलेलं माणूस आपला आजार सांगतं, तसं सांगितलं तिनं.

मग तिचं येणं सुरू झालं. दर संकष्टीला ती ओझरला गणपतीला चालत जायची, येताना आमच्या दारात थांबायची. आत यायची नाही. ओट्याच्या कडेला बसायची, लोण्याची वाटी ठेवायची आणि म्हणायची, "आत्याबाई, मी आले व्हते." आत्याबाई भिंतीकडं तोंड करायच्या. ती थोडी बसायची आणि जायची. पुढच्या संकष्टीला पुन्हा. पावसात घोंगडीची खोळ घेऊन, उन्हात पदर डोक्यावर. आत्याबाईंनी एकदा वाटी लाथाडली. लोणी ओट्यावरून खाली गेलं. अक्कानं ते पानावर गोळा केलं आणि कुत्र्याला घातलं, वाटी धुतली, म्हणाली, "येते." मी दाराआड उभी होते. तुम्हांला काय वाटतं, त्या बाईला राग येत नसेल? तिची मान मला दिसायची. यायचा, आणि ती त्याला दारातच ओळखून बसायला लावायची.

अशी वर्षं गेली. दोन हजार साल उलटलं. गावात घराघरांत टीव्ही झाले, माझी पोरं जुन्नरला कॉलेजला जायला लागली, आत्याबाई खंगत गेल्या. एका संकष्टीला त्यांनी भिंतीकडं तोंड केलं नाही. पुढच्या वेळी म्हणाल्या, "डोक्याला तेल लाव जरा." अक्कानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मग ते तेल दर वेळचं झालं. म्हातारीचे पांढरे केस आणि अक्काची काळी राठ बोटं—मी आत भाकरी थापत बघायची. आत्याबाई तिच्याशी मढच्या पावसाचं, भाताचं बोलायच्या, तिच्या बापूंचं बोलायच्या. माझ्याशी त्या कधी असं बोलल्या नव्हत्या.

आणि एके दिवशी—मी त्यांना पेज घेऊन बाहेर आले होते, ताटली माझ्या हातात होती—आत्याबाईंनी चाचपडत अक्काचा हात धरला. म्हणाल्या, "यमुने, मी तुला माफ केलं गं. डोळ्याचं. त्या वक्ताला तुझ्या अंगात सैतान व्हता. पर पोथीनं तू सुधारलीस. मी बघतीया."

मी तिथंच उभी. अक्कानं वर पाहिलं नाही. माझ्याकडं अजिबात पाहिलं नाही. तिनं म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "लई बरं झालं आत्याबाई. माझा जीव हलका झाला." न केलेल्या गुन्ह्याची माफी तिनं दोन्ही हातांनी घेतली, कारण देणाऱ्या म्हातारीला ती देऊन मोकळं व्हायचं होतं. मी पेजेची ताटली खाली ठेवली आणि आत गेले. तेव्हा बोलले असते तर? आत्याबाई जिवंत होत्या, कानांनी ऐकत होत्या.

त्या दिवशी मात्र मी अक्काच्या मागं गेले. मळ्याच्या वाटेवर, कालव्यापाशी तिला गाठलं. आमच्या सगळ्या आयुष्यात त्या गोष्टीवर आम्ही बोललो ते एवढंच. मी विचारलं, "तू का गं नाही सांगितलंस?"

 ती चालता चालताच म्हणाली, "कुणाला सांगणार व्हते? माझं कुणी ऐकलं असतं? इतकी वर्षं मीच तर बोंबलत व्हते. आधी रागानं गप बसले. वाटायचं, तू सांगशील. पहिल्या वर्षी रोज वाट बघायची."

"आणि आता?"

"आता न्हाई बघत." थांबली. म्हणाली, "ते शब्द माझे व्हते, मंदे. तू माझ्याकडनंच घेतलेस. त्येवढं माझं हाय, ते मी फेडते. पर ढकललं तू. ते माझं न्हाई."

मी रडले. म्हणाले, मी सांगते, आजच सगळ्यांना सांगते, सांगू ना? ती म्हणाली, "मला इचारून सांगू नको." आणि तिनं कालवा ओलांडला.

मी घरी आले. चूल पेटवली. सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सांगायचं म्हणून एकदा आत्याबाईंच्या खाटेशी जाऊन बसलेसुद्धा, त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मी विचारलं, "पाय चेपू का?"

त्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. दशक्रियेला नदीकाठी सगळी भावकी, पाहुणे, गाव. प्रवचनकार महाराजांना कुणीतरी आमच्या घराची माहिती देऊन ठेवली होती. ते म्हणाले, सून असावी तर अशी, आंधळ्या सासूची लेकीसारखी सेवा करणारी. बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान खाली घातली, तर शेजारची पुटपुटली, "बघा, किती मर्यादशील." अक्का माझ्यापासून थोड्या अंतरावर बसली होती, गुडघे पोटाशी धरून. ती प्रवचन लक्ष देऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर मी शोधलं—कडवटपणा, कुत्सितपणा, काहीतरी. सापडलं नाही. ती म्हातारीसाठी रडत होती, बस्स.

अक्का अजून वस्तीवर आहे. गुडघे धरलेत, ओझरला आता नातवाच्या गाडीवर जाते. पोथी पुरती झालेली नाही. मध्यंतरी गेले तर कुठल्याशा ओवीवर अडलेली होती, मला म्हणाली, "ही काय ह्या जन्मात व्हत न्हाई बघ," आणि मजेत हसली. तिच्या सुना तिला घाबरत नाहीत. तिच्या अंगणात कुणी मोठ्यानं बोलत नाही, आणि तिनं कुणाला तसं सांगितलेलंही नाही. मी तिथं जाते तेव्हा मला बरं वाटतं, आणि बरं वाटायचा मला काही हक्क नाही हेही कळतं.

भाऊजी म्हातारे झालेत. ते आलेल्या पाहुण्याला कौतुकानं सांगतात, "आमची ही लई बदलली हो. एके काळी आमच्या आईचा डोळा घेतला हिनं, आता बघा." पाहुणा अक्काकडं बघतो. अक्का चहा गाळत असते. मी तिथंच बसलेली असते, माझाही कप तिनंच भरलेला असतो.

आत्याबाईंना मी ढकललं. हे मी लिहिलंय, आणि लिहिलेलं आता भाऊजींच्या, माझ्या नवऱ्याच्या, दोन्ही घरच्या पोरांच्या हाती जाईल. अक्काला मी विचारलेलं नाही. ते मला काय म्हणतील ते म्हणतील. मी घरीच असेन.